जीआयएस आणि नकाशाच्या कामातली इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सहा महिने जीआयएसची, म्हणजे जागेशी जोडलेली माहिती संगणकावर नकाशाच्या रूपात ठेवण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धतीची, इंटर्नशिप केली. एका शहराच्या काही भागातली पावसाळी गटारं नकाशावर आणणं हे तेव्हाचं मुख्य काम होतं. पुढे याच क्षेत्रात राहिले. आता नवी मुलंमुली शिकायला येतात तेव्हा बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या मॅडम माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून नेहमी एकच प्रश्न विचारायच्या, "ही रेघ कुठून आली?" तो प्रश्न खाली पुन्हा पुन्हा येईल. या कामातलं जे काही मला कळलं, ते त्या प्रश्नाचं उत्तर शोधतानाच कळलं.

इंटर्नला खरोखर काय काम देतात?

सुंदर, रंगीत नकाशे काढायला मिळतील या कल्पनेनं बरेच जण येतात. ते काम असतं, पण सगळ्यात शेवटी. पहिले कित्येक आठवडे आलेला डेटा वापरण्याजोगा करण्यात जातात. एक एक्सेलची यादी असते, तिच्यात एकाच रस्त्याचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं. एक स्कॅन केलेला कागद असतो, घडीवर फाटलेला. एक कॅडची, म्हणजे संगणकावर काढलेल्या आराखड्याची, फाइल असते, तिच्यात मापं बरोबर असतात पण पृथ्वीवर तिला जागाच दिलेली नसते. हे सगळं एकमेकांवर नीट बसवायचं, गटारं आणि चेंबर रेघांनी व बिंदूंनी काढायचे, त्यांची माहिती टेबलात भरायची, जागेवर जाऊन पडताळायचं आणि मग कुठे छपाईचा लेआउट करायचा.

हे काम दुय्यम समजू नका. पुढे जो कोणी त्या नकाशावरून खोदकाम ठरवणार आहे, तो तुमच्या या आठवड्यांवरच विसंबून असतो.

आधीपासून काय यायला हवं? भूगोलाची पदवी लागते का?

लागतेच असं नाही. माझ्याबरोबर स्थापत्य अभियांत्रिकीची, संगणकशास्त्राची आणि शेतकीची मुलं होती. प्रत्येकाला एकेक बाजू पक्की यायची आणि दुसरी कच्ची होती. भूगोलवाल्यांना प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) समजायचं पण डेटाबेसची भीती वाटायची, संगणकवाल्यांचं नेमकं उलटं.

अक्षांश-रेखांश, स्केल आणि टेबलातल्या ओळी-स्तंभांचा अर्थ एवढं स्पष्ट असेल तर सुरुवात करता येते. त्याआधी हात बसवायचा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर काम करा. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा जगाचा खुला नकाशा आहे, त्यात कुणालाही भर घालता येते. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या रस्त्यांचा तपशीलवार नकाशा हाताशी नव्हता. जगभरातल्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रह प्रतिमांवरून तो काढला आणि मदत पथकांनी तो वापरला. तुम्ही काढलेली इमारत दुसरं कुणी तपासतं, चुकली तर दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्ती तुम्हाला दिसते. शिकायला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

क्यूजीआयएसपासून सुरुवात करा. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. ते खुलं आणि मोफत आहे आणि रोजच्या कामातलं जवळजवळ सगळं त्यात होतं. पुष्कळ कार्यालयांत एसरी कंपनीचं आर्कजीआयएस असतं. बटणांच्या जागा वेगळ्या असतात, कल्पना त्याच, त्यामुळे एक नीट आलं की दुसऱ्यावर हात बसायला दोन आठवडे पुरतात.

बटणं लक्षात ठेवण्यात जीव घालू नका. बफर, क्लिप, इंटरसेक्ट, डिझॉल्व्ह, स्पेशियल जॉइन या नकाशावरच्या क्रियांत नेमकं काय होतं ते कागदावर पेन्सिलीनं काढून बघा. मी तसं केलं तेव्हा क्लिप आणि इंटरसेक्ट यांतला फरक मला पहिल्यांदा समजला. क्लिपमध्ये साचा फक्त कापतो. इंटरसेक्टमध्ये तो कापतो आणि स्वतःची माहितीही तुकड्याला चिकटवतो.

तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती?

क्षेत्रफळाची. प्रत्येक गटाराकडे किती जमिनीवरचं पाणी येतं, म्हणजे त्याचं पाणलोट क्षेत्र किती, ते काढायचं होतं. मागे ऑनलाइन बेसमॅप, म्हणजे पार्श्वभूमीचा तयार नकाशा, होता, म्हणून प्रोजेक्ट वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये होता (त्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७). मी बहुभुज काढले आणि त्यांचा लेयरही (नकाशातला एक थर) त्याच प्रोजेक्शनमध्ये सेव्ह केला. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये सूत्र टाकलं, आकडे आले, अहवालाच्या मसुद्यात गेले.

मॅडमनी मसुदा वाचला आणि मला एक धावपट्टी शोधायला सांगितली. नकाशाच्या हद्दीत एक मैदान होतं, त्यावर ४०० मीटरचा प्रमाणित ट्रॅक होता. "त्याच्या आतल्या कडेनं रेघ काढ आणि तू क्षेत्रफळ काढलंस त्याच पद्धतीनं लांबी काढ." मी काढली. ती ४२५ च्या आसपास आली. ट्रॅक तर ४०० चाच होता. म्हणजे माझी प्रत्येक लांबी फुगलेली होती आणि क्षेत्रफळं त्याहून जास्त.

मर्केटरनं १५६९ मध्ये आपलं प्रोजेक्शन मांडलं ते खलाशांसाठी. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून जाता येतं. त्याची किंमत म्हणून विषुववृत्तापासून दूर जावं तसा नकाशा ताणला जातो. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते आणि क्षेत्रफळ चौपट. ४५ अंशांवर क्षेत्रफळ सुमारे दुप्पट. २० अंशांवर ते सुमारे १३ टक्क्यांनी जास्त येतं, आणि मला हीच चूक सर्वांत घातक वाटते. चौपट आकडा डोळ्यांना खटकतो. १३ टक्के कुणालाच खटकत नाहीत, आणि त्या आकड्यावर गटाराचा व्यास ठरतो.

क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढायचे दोन मार्ग आहेत. एक प्रोजेक्टच्या सेटिंगमधला इलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा आकार, धरून पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावर मोजतो. दुसरा लेयरच्या सपाट कोऑर्डिनेटवर, ते ज्या प्रोजेक्शनमध्ये असतील त्यात, तसाच हिशेब करतो. मी दुसरा वापरला होता आणि दोन मार्ग आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून नवं काम हाती घेतलं की ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी एक वस्तू नकाशावर शोधते आणि आधी ती मोजते.

मग कोणतं प्रोजेक्शन वापरायचं?

शहर, तालुका, लहान नदीखोरं एवढ्या कामाला बहुतेक वेळा यूटीएम हे प्रोजेक्शन चालतं. त्यात पृथ्वीचे ६-६ अंशांचे ६० उभे झोन केलेले आहेत. झोन काढणं सोपं आहे. पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा. रेखांश ७५ असेल तर २५५ भागिले ६ म्हणजे ४२.५, म्हणून झोन ४३. पश्चिम रेखांश ऋण धरायचा. काम दोन झोनच्या सीमेवर आलं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे करू नका. एकच झोन ठरवा आणि तसं लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक नवा इंटर्न एकदा तरी करतो. लेयर चुकीच्या जागी दिसतो म्हणून तो लेयरच्या गुणधर्मांत जाऊन प्रोजेक्शन बदलतो. त्यानं फक्त नावाची पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. मीटरमधल्या आकड्यांवर अंशांची पाटी लागली की लेयर कुठच्या कुठे जातो. आकडे खरोखर बदलायचे असतील तर रीप्रोजेक्ट करून नवी फाइल काढावी लागते. पाटीच मुळात चुकलेली असेल तेव्हाच पाटी बदलायची.

माझे बिंदू समुद्रात जाऊन पडले आहेत. का?

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली असणार. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा आडवा अक्ष, म्हणजे रेखांश, आधी लागतो. जिओजेसन या फाइल प्रकाराच्या प्रमाणकातही रेखांशच आधी आहे. सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकावर एक बसले असतील तर तुमच्या यादीतले रकाने रिकामे होते आणि ते शून्य-शून्य म्हणून वाचले गेले.

जुना कागदी नकाशा जिओरेफरन्स करताना चूक शून्य आली. म्हणजे तो अचूक बसला का?

नाही, आणि याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण इथे सॉफ्टवेअर तुम्हाला खोटा धीर देतं.

स्कॅन केलेल्या कागदावरच्या काही जागा खऱ्या जगातल्या जागांशी जुळवायच्या, त्या कंट्रोल पॉइंटवरून सॉफ्टवेअर पूर्ण कागद बसवतं. पहिल्या श्रेणीचं रूपांतर (सरळ रेघा सरळच ठेवून कागद बसवणारं; वरच्या श्रेणी तो वाकवतात) करायला किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्या श्रेणीला ६, तिसऱ्या श्रेणीला १०. तुम्ही नेमके तेवढेच दिलेत तर गणित तंतोतंत सुटतं आणि चूक शून्य दिसते. बिंदू चुकीचे असले तरी शून्यच दिसते, कारण तपासायला जास्तीचा एकही बिंदू उरलेला नसतो. मी तीन बिंदू देऊन मोठ्या आनंदानं मॅडमना बोलावलं होतं. त्यांनी चौथा बिंदू द्यायला लावला आणि चूक एकदम ११ मीटरवर गेली. तीनपैकी एक बिंदू मी शेजारच्या चौकावर ठेवला होता.

बिंदू कुठे घ्यायचा यालाही महत्त्व आहे. रेल्वेचे रूळ जिथे रस्ता ओलांडतात ती जागा, जुन्या पुलाचं टोक, दगडी इमारतीचा कोपरा अशा न हलणाऱ्या गोष्टी निवडा. नदीचं वळण घेऊ नका, नदी सरकते. झाड घेऊ नका. रस्ता रुंद झालेला असतो, म्हणून त्याची कड नको, दोन रस्त्यांच्या मध्यरेषा छेदतात तो बिंदू घ्या. बिंदू कागदभर पसरलेले हवेत. सगळे एका कोपऱ्यात असतील तर दुसरा कोपरा पत्र्यासारखा वाकतो. मी आता दहाबारा बिंदू घेते आणि त्यातले दोन गणितात न धरता नुसते तपासायला ठेवते.

चूक कमी दिसावी म्हणून श्रेणी वाढवत नेण्याचा मोह होतो. तिसऱ्या श्रेणीत आकडा लहान होतो आणि मधले सरळ रस्ते लाटेसारखे होतात. कागद फाटलेला, ताणलेला नसेल तर पहिली श्रेणी पुरते.

दिवसभर डिजिटायझिंग, म्हणजे स्क्रीनवर रेघा-बिंदू काढणं, करून कंटाळा येतो. त्यातून काय शिकायला मिळतं?

कंटाळा येतो हे खरं आहे. मलाही यायचा, तिसऱ्या आठवड्यात तर फार. पण माझ्या मते या इंटर्नशिपमधला सर्वांत मोलाचा भाग तोच होता, म्हणून थोडं थांबून सांगते.

पहिला धडा स्नॅपिंगचा, म्हणजे जवळ आलेली टोकं आपोआप जोडून घेण्याचा. दोन गटारं एका चेंबरपाशी मिळतात तिथे तुमच्या रेघांची टोकंही मिळायला हवीत. स्क्रीनवर ती मिळालेली दिसतात. झूम करत गेलात की मध्ये अर्ध्या मीटरची फट सापडते. डोळ्यांना तो जोड वाटतो, सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तिथे गटार तुटलेलं असतं आणि त्याच्या वरच्या अंगाचा भाग जाळ्यातून गळून पडतो. स्नॅपिंग आधी चालू करायचं, अंतर ठरवायचं, मगच पहिला क्लिक करायचा. बहुभुजांतही असंच होतं. शेजारच्या दोन बहुभुजांत बारीक चिरोट्या राहतात, काही ठिकाणी ते एकमेकांवर चढतात. टोपॉलॉजी तपासणी (आकार एकमेकांना नीट जुळतात का ते बघणारी) चालवली की शंभर चुका एकदम लाल होऊन समोर येतात. त्या दिवशी वाईट वाटतं, नंतर हात आपोआप सावध होतो.

दुसरा धडा मला स्वतःला फार उशिरा समजला. रेघेला दिशा असते. ती जिथून काढायला सुरुवात केली तिथून जिथे संपवली तिकडे. मी हाताला सोयीचं पडेल तसं कधी डावीकडून, कधी उजवीकडून काढत गेले होते. मॅडमनी लेयरची शैली बदलून प्रत्येक रेघेवर बाण लावले. एका लांब गल्लीतल्या चार सलग रेघांपैकी दोन पूर्वेकडे वाहत होत्या, दोन पश्चिमेकडे, आणि मधल्या चेंबरमध्ये दोन्हीकडून येणारं पाणी जायला वाटच नव्हती. वरच्या अंगाला पाऊस पडला तर खाली कुठे तुंबेल, हे विचारायला हा नकाशा करत होतो, आणि माझ्या बाणांप्रमाणे पाणी चढावरही जात होतं.

ते दुरुस्त करायला आठ दिवस लागले. प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांच्या चेंबरची तळपातळी टेबलातून बघायची, उंच टोकाकडून खालच्या टोकाकडे रेघ वळवायची. जिथे तळपातळी नोंदलेली नव्हती तिथे मी उताराचा अंदाज करू लागले. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला, "ही दिशा कुठून आली?" मग आम्ही टेबलात एक स्तंभ वाढवला, नाव "स्रोत". त्यात मोजलेलं, जुन्या कागदावरून, जागेवर विचारून, अंदाज आणि माहीत नाही, असे पाचच पर्याय ठेवले. मी आजवर केलेल्या सगळ्या टेबलांत तो स्तंभ आहे.

फील्डवर जावं लागतं का? फोनचं जीपीएस पुरतं का?

जावंच लागतं, आणि संधी मिळाली तर सोडू नका. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ही जागा आणखी सरकते. रस्त्याच्या कुठल्या बाजूला गटार आहे हे सांगायला ५ मीटर पुरत नाहीत. म्हणून आम्ही बिंदू फोननं घ्यायचो, पण सोबत कोपऱ्यावरच्या इमारतीपासूनचं अंतर टेपनं मोजायचो आणि वहीत आकृती काढायचो. फोननं दाखवलेली अचूकताही दरवेळी नोंदवायची. नंतर दोन नोंदी भांडल्या की कोणाचं ऐकायचं ते त्यावरून ठरतं.

फॉर्म आधी घरी तयार करा. क्यूफील्ड किंवा कोबोसारखं साधन वापरा आणि जिथे शक्य तिथे निवडीची यादी द्या. झाकणाची अवस्था लिहायला मोकळी जागा दिली होती तेव्हा आमच्या तिघांकडून तुटलेलं, फुटलं, मोडकं, खराब, झाकण नाही असे शब्द आले, आणि त्यांतले कुठले एकाच अर्थाचे हे ठरवायला एक संध्याकाळ गेली.

एका रस्त्यावर जुन्या कागदाप्रमाणे तीन चेंबर हवे होते आणि आम्हाला दोनच दिसत होते. दोन फेऱ्या मारल्या. समोरच्या घरातले एक आजोबा बाहेर आले, कशाला फिरताय म्हणून विचारलं, आणि सरळ चालत जाऊन डांबरावर टाच आपटली. "इथं आहे. रस्ता केला तेव्हा वरून डांबर घातलं." तिथे आवाज पोकळ येत होता. त्या बिंदूच्या स्रोतात आम्ही "जागेवर विचारून" असं लिहिलं.

उपग्रह प्रतिमा मोफत मिळतात का? त्यात गटारं दिसतात का?

मोफत मिळतात. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला आणि २००८ पासून तिचा सगळा संग्रह मोफत खुला आहे. तिच्या बहुतेक पट्ट्यांचा एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे जमिनीवरचे ९०० चौरस मीटर. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला. त्याच्या मुख्य पट्ट्यांचा पिक्सेल १० मीटरचा आहे आणि दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी त्याच जागेवर येतात. शेती, जंगल, तलावाचं पाणी, शहराची वाढ यांसाठी हे उत्तम आहे. एक मीटर रुंदीचं गटार मात्र त्यात कितीही झूम केलं तरी दिसणार नाही.

उंचीच्या डेटाबाबत जास्त जपा. एसआरटीएम या अवकाश मोहिमेचा उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ११ दिवसांच्या फेरीत रडारनं गोळा केला. मोफत आहे, जवळजवळ सगळीकडचा आहे, आणि म्हणूनच तो नको तिथेही वापरला जातो. त्याचं उद्दिष्टच उंचीत १६ मीटरच्या आत असण्याचं होतं, तेही ९० टक्के खात्रीनं. शिवाय दाट झाडी आणि इमारती असतील तिथे रडारला जमिनीऐवजी त्यांच्या वरच्या भागाची उंची मिळते. मोठ्या नदीचं खोरं आखायला तो चालतो. गल्लीतलं पाणी कुठल्या अंगाला उतरतं हे त्यावरून सांगणं चुकीचं आहे. मी ते करून बघितलं होतं, आणि एका शाळेच्या इमारतीची मी टेकडी केली होती.

शेपफाइल द्यायची की जिओपॅकेज?

दोन्ही नकाशाचा डेटा साठवायचे फाइल प्रकार आहेत. स्वतःसाठी जिओपॅकेज. शेपफाइल म्हणजे तीनचार फाइलींचा जुडगा, त्यातली एक पाठवायची राहिली की समोरच्याचं काम अडतं. प्रोजेक्शनची फाइल सर्वांत जास्त वेळा राहते. स्तंभाच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि ती मर्यादा बाइटांची आहे, त्यामुळे नावात तीनच चिन्हं मावतात. एन्कोडिंगची फाइल सोबत नसेल तर समोरच्याला सगळी नावं प्रश्नचिन्हांची दिसतात. जिओपॅकेजमध्ये हे त्रास नाहीत. २०१४ पासून ते खुलं प्रमाणक आहे आणि सगळं एकाच फाइलीत राहतं.

टेबल जोडताना ओळी जुळत नसतील तर आधी कोड बघा. एक्सेलनं ००७ चा ७ केलेला असतो.

प्रोग्रामिंग यायला हवं का?

पहिल्या महिन्यात नाही आलं तरी चालेल. एकच क्रिया चाळीस फाइलींवर करायची वेळ आली की तुम्हालाच पायथन हवंसं वाटेल, तेव्हा शिका. जिओपांडास या पायथनमधल्या साधनापासून सुरुवात सोपी जाते. त्याच्या जोडीला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटा ठेवणारा डेटाबेस) शिकलात तर फार उपयोग होतो. या चेंबरपासून ५० मीटरच्या आत येणाऱ्या शाळा किती, असा प्रश्न तिथे दोन ओळींत विचारता येतो. फक्त लेयर अंशांत असेल तर ते ५० म्हणजे ५० अंश धरले जातात, हे विसरू नका.

नकाशा दिसायला चांगला कसा करायचा?

कमी रंग वापरा. कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घ्या. सिंथिया ब्रुअर यांचं कलरब्रुअर हे साधन त्यासाठी उत्तम आहे, आणि लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही वाचता येतील अशा रंगयोजना त्यात निवडता येतात. भागांना रंग भरताना नुसते आकडे भरू नका. तक्रारींची संख्या भरली तर जिथे लोक जास्त तिथेच रंग गडद होणार, त्यातून काहीच कळत नाही. दर हजार लोकांमागे किती, असं काढा. डेटा कोणत्या तारखेचा आहे ते नकाशावर छापा.

लोकांच्या घरांची माहिती नकाशावर टाकणं योग्य आहे का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, जास्त जणांनी विचारायला हवा. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीचा जॉन स्नो यांचा नकाशा प्रत्येक अभ्यासक्रमात दाखवतात. मृत्यूंच्या काळ्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती गोळा झालेल्या दिसतात. पंपाचा दांडा त्याच सप्टेंबरमध्ये काढला गेला, नकाशा त्यानंतर पुढे आला. आधी स्नो स्वतः चौकशी करत फिरले होते, कोणत्या घरात कुणी कुठलं पाणी प्यायलं ते विचारत होते. नकाशानं ते सगळ्यांना दिसेल असं मांडलं.

आज त्या पद्धतीनं आजारी माणसाच्या घरावर खूण करून नकाशा प्रसिद्ध केला, तर नाव न लिहिताही त्या घराला ओळख मिळते. शेजारी ते घर बोट दाखवून सांगू शकतात. आमच्याकडे ज्या घरांत पाणी शिरलं त्यांची यादी होती. तपासणीच्या नकाशात घरं होती, बाहेर दिलेल्या नकाशात फक्त चौकोनी जाळीचे आकडे होते, आणि ज्या चौकोनात एकदोनच घरं येत होती ते शेजारच्या चौकोनात मिळवले होते. तुम्हाला कुणी असं करायला सांगितलं नाही तरी तुम्ही तो विषय काढा.

मार्गदर्शकांना किती वेळा विचारायचं? त्रास वाटेल अशी भीती वाटते.

विचारा, पण तयारी करून. "चालत नाहीये" यावरून कुणीच काही सांगू शकत नाही. लेयरचं प्रोजेक्शन काय, किती ओळी आहेत, काय अपेक्षित होतं, काय आलं आणि तुम्ही काय करून पाहिलं, हे पाच ओळींत लिहा. निम्म्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. आणि चूक लक्षात आली तर त्याच दिवशी सांगा. क्षेत्रफळाची चूक मसुद्यात पकडली गेली म्हणून एका दिवसात निस्तरली.

पोर्टफोलिओत काय ठेवू?

कार्यालयाचा डेटा परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका. तीच पद्धत खुल्या डेटावर पुन्हा करून दाखवा. दोनतीन नकाशे पुरतात, पण प्रत्येकाखाली डेटा कुठला, प्रोजेक्शन कोणतं आणि ते का निवडलं, आणि कुठल्या भागावर तुमचाच भरवसा कमी आहे, हे लिहा. मी आता निवडीला बसते तेव्हा हा शेवटचा भाग आधी वाचते.

जाताना काम कसं सोपवायचं?

शेवटचे दहा दिवस त्यासाठी राखून ठेवा. "फायनल", "फायनल २", "फायनल खरं" अशा फाइली मागे ठेवू नका. एक फोल्डर मूळ डेटाचा, त्याला हात लावायचा नाही. दुसरा कामाचा, तिसरा दिलेल्या गोष्टींचा. सोबत साध्या भाषेत दोन पानं, कुठल्या क्रमानं काय केलं याची.

मी निघाले तेव्हा ज्यांचा स्रोत "माहीत नाही" होता अशा अकरा रेघा उरल्या होत्या. त्या पुसून टाकाव्यात असं मला वाटत होतं, अपूर्ण दिसत होत्या म्हणून. मॅडमनी त्या तुटक रेषेत ठेवायला लावल्या आणि त्यांची वेगळी यादी करायला सांगितली. चारेक महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला. यादी घेऊन तो जागेवर गेला होता. तीन रेघा सापडल्या, दोन तिथे कधी नव्हत्याच, आणि एक भलत्याच रस्त्याखालून जात होती. उरलेल्या पाचांसाठी त्याला माझी वही हवी होती. मी ती दुसऱ्याच दिवशी पाठवून दिली.